दुकानात दहा साड्या वाढल्या आणि कोसाडात माग थांबले

लग्नसराई सुरू झाली की जळगावच्या साडीच्या दुकानात रोजच्यापेक्षा थोडी जास्त गर्दी होते. काउंटरवर घड्या उलगडल्या जातात, पदर खांद्यावर टाकून पाहिला जातो, भाव ठरतो. त्यातल्या कितीतरी साड्यांचं कापड विणलेलं असतं तापीच्या दुसऱ्या टोकाला. जळगावहून तापी व्हॅलीच्या रेल्वेमार्गाने तीनशे किलोमीटरवर सुरत, आणि सुरतमध्ये नदी ओलांडून अमरोलीच्या पुढे कोसाड. कोसाड, अमरोली, सायण या पट्ट्यात यंत्रमागांच्या शेड आहेत. आत दोन माणसांना बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं, इतका मागांचा खडखडाट.

या पट्ट्यात काम करणाऱ्यांना एक कोडं वर्षानुवर्षं पडत आलं आहे. एका महिन्यात शेठ म्हणतात, "माल पुरत नाही, दोन्ही पाळ्या जोरात चालवा." पुढच्याच महिन्यात तेच शेठ म्हणतात, "चढवलेला भीम संपला की माग बंद ठेवा." (भीम म्हणजे ताण्याचे धागे गुंडाळलेला रूळ.) लोकांनी मधल्या काळात साड्या नेसणं सोडलेलं नसतं. लग्नं ठरल्या मुहूर्तावरच लागतात. मग दुकानात संथ वाहणारी मागणी कारखान्यापर्यंत येताना पुरासारखी का चढते आणि दुष्काळासारखी का आटते?

या कोड्याच्या उत्तरात आजच्या व्यवसायातला एक मोठा प्रश्न दडला आहे: माहिती तंत्रज्ञानामुळे कंपन्यांचे मोठे निर्णय नेमके कसे बदलतात?

आधी थोडी आकडेमोड

एक साखळी डोळ्यांसमोर आणू. टोकाला जळगावचा दुकानदार. त्याला माल देणारा घाऊक व्यापारी. त्याला माल देणारा सुरतच्या रिंग रोडवरचा पेढीवाला. आणि पेढीवाल्यासाठी कापड विणणारा कोसाडचा कारखानदार. प्रत्यक्षात मध्ये दलाल, रंगाई-छपाईची मिल, भरतकाम करणारे असे आणखी दुवे असतात. हिशेब सोपा राहावा म्हणून चारच धरू.

समजा, एका प्रकारच्या साड्या आठवड्याला १०० खपतात. कारखानदार सोडून प्रत्येकाचा नियम एकच आहे: जितका माल गेला तितका मागवायचा, आणि दोन आठवड्यांच्या विक्रीइतका साठा हाताशी ठेवायचा. नियम शहाणपणाचा आहे. सगळ्यांकडे २०० साड्या आहेत, सगळं सुरळीत आहे.

आता एका आठवड्यात दुकानात १०० ऐवजी ११० साड्या खपल्या. दुकानदार काय करेल? गेलेल्या ११० मागवेल. शिवाय विक्री ११० झाली म्हणून साठा २०० वरून २२० करेल. एकूण मागणी १३०.

घाऊक व्यापाऱ्याला दुकानातली विक्री दिसत नाही. त्याला दिसते १३० ची मागणी. तो १३० मागवेल, आणि साठा २६० वर न्यायचा म्हणून आणखी ६०. एकूण १९०. पेढीवाल्याला दिसले १९०. त्याचा साठा २०० वरून ३८० वर जायला हवा, म्हणजे आणखी १८०. कारखानदाराकडे निरोप गेला: ३७० साड्यांचं कापड पाठवा.

दुकानात वाढल्या दहा. कोसाडात मागणी जवळजवळ चौपट झाली.

पुढच्या आठवड्यात दुकानात पुन्हा ११० च खपल्या. दुकानदाराचा साठा आता बरोबर आहे, म्हणून तो ११० च मागवतो. घाऊक व्यापाऱ्याला वाटतं, मागणी १३० वरून ११० वर घसरली. त्याच्याकडचा साठा ४० ने जास्त ठरतो, म्हणून तो फक्त ७० मागवतो. पेढीवाल्याला ही घसरण १९० वरून ७० अशी दिसते. त्याच्याकडे ३८० साड्या पडून आहेत, ७० दिल्या तरी ३१० उरतात, आणि नियमाप्रमाणे १४० पुरेशा. तो काहीच मागवत नाही.

कारखानदाराला पहिल्या आठवड्यात ३७० ची मागणी, दुसऱ्या आठवड्यात शून्य. दुकानात मात्र दोन्ही आठवडे ११० च साड्या खपल्या. कुणी लबाडी केली नाही, कुणी आळस केला नाही. प्रत्येकाने आपल्याला दिसलं त्यावरून योग्य तेच केलं.

आसुडाचं टोक

गाडीवान आसूड ओढतो तेव्हा मुठीकडचा हात वीतभर हलतो, पण टोक हवेत फटकारा मारतं. पुरवठ्याच्या साखळीत असंच होतं. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे हाऊ ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये याची कारणं नीट मांडली आणि 'बुलव्हिप', म्हणजे आसूड-परिणाम, हे नाव सर्वत्र रूढ झालं. त्याआधी प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीला हाच अनुभव लहान मुलांच्या डायपरमध्ये आला होता. बाळं रोज तितकेच डायपर वापरतात, तरी कारखान्याकडे येणाऱ्या मागणीत मोठे चढउतार होत होते.

कोसाडच्या पट्ट्यात या फटकाऱ्याला माणसाचा चेहरा आहे. मागावरच्या कामगाराला बहुतेक ठिकाणी विणलेल्या मीटरवर मजुरी मिळते. माग थांबला की मजुरी थांबली. ओडिशातल्या गंजाम जिल्ह्यातून आलेला कारागीर असो किंवा खानदेशातून सुरतेत येऊन स्थिरावलेलं कुटुंब असो, आसुडाचं टोक लागतं ते त्यांना.

त्यात कापडाच्या धंद्याची एक अडचण अशी की मागाला लगेच वळवता येत नाही. ताण्याचे हजारो धागे गुंडाळलेला भीम एकदा मागावर चढला की तो संपेपर्यंत त्याच कापडाचे ताके निघतात. बातमी उशिरा आली तर चुकीचं कापड विणलं जातंच. म्हणून या साखळीत उशीर हा सर्वांत महाग कच्चा माल आहे. तो बिलात कुठे लिहिलेला नसतो, पण पैसे त्याचे मोजावे लागतात.

मोठा निर्णय कशाला म्हणायचं?

उद्या कोणत्या मागावर कोणता भीम चढवायचा, हा रोजचा निर्णय. चुकला तर तो भीम संपला की दुरुस्त होतो. पण साधे माग विकून कर्ज काढून वॉटरजेट माग घ्यायचे का, दुसऱ्यासाठी जॉबवर्क करत राहायचं की स्वतःचा माल बाजारात आणायचा, माल पेढ्यांमार्फत विकायचा की थेट गिऱ्हाइकाला, हे निर्णय वेगळे. त्यांत पैसा बरीच वर्षं अडकतो आणि माघार सोपी नसते. अशा निर्णयांना धोरणात्मक निर्णय म्हणतात.

एक सोपी खूण सांगता येईल. भाजीत मीठ किती घालायचं हा रोजचा निर्णय. विहीर कुठे खणायची हा धोरणात्मक. विहिरीसाठी आधी पाण्याचा अंदाज घ्यावा लागतो, कारण चाळीस फूट खणल्यावर ती चार हात सरकवता येत नाही.

तंत्रज्ञान तीन कामं करतं

पहिलं काम नोंदीचं. व्यवहार घडतो त्याच क्षणी त्याची नोंद झाली पाहिजे. २६ जून १९७४ रोजी अमेरिकेत ओहायोमधल्या ट्रॉय गावी च्युइंग गमच्या पाकिटावरचा बारकोड दुकानात पहिल्यांदा वाचला गेला. त्या 'बीप'मुळे बिल लवकर झालं हा लहान फायदा. कोणती वस्तू, कधी, किती गेली हे आपोआप लिहिलं गेलं, हा मोठा. आपल्याकडे २०१६ मध्ये आलेलं यूपीआय, जुलै २०१७ मधला जीएसटी आणि २०१८ पासूनचं ई-वे बिल यांनी कच्च्या चिठ्ठीवर चालणारे असंख्य व्यवहार संगणकाच्या नोंदीत आणले. सुरतच्या कापड बाजारात जीएसटीविरुद्ध २०१७ मध्ये मोठा बंद झाला होता. कराइतकीच चिंता या कागदपत्रांचीही होती. पण एकदा नोंद होऊ लागली की ती करापुरती राहत नाही, धंद्याचा आरसा होते.

दुसरं काम जोडणीचं. नोंद माझ्याकडे राहिली तर फायदा माझा. साखळीतल्या सगळ्यांना दिसली तर फायदा साखळीचा. वॉलमार्ट या अमेरिकी दुकानदार कंपनीने १९९० च्या दशकात आपल्या दुकानांतली विक्री पुरवठादारांना संगणकावर पाहू दिली. 'किती मागवलं' याऐवजी 'किती खपलं' हे कारखान्याला दिसू लागलं.

आता आपल्या उदाहरणात ही खिडकी उघडून पाहू. सगळ्यांना कळलं की खरी विक्री ११० आहे. दुकानदार १३० मागवेल. घाऊक व्यापाऱ्याला साठा २२० पुरे, म्हणून तो १५० मागवेल. पेढीवाला १७० मागवेल. कारखानदाराकडे ३७० ऐवजी १७०, आणि पुढच्या आठवड्यात शून्याऐवजी ११०. माल लवकर पोहोचतो म्हणून प्रत्येकाला आधीपासून एकाच आठवड्याचा साठा पुरत असता, तर १७० ऐवजी १४०. एक मीटरही जास्त न विणता, फक्त बातमी पुढे पाठवल्याने माग चालू राहिले.

तिसरं काम अंदाजाचं. मागच्या चार वर्षांत अक्षय्य तृतीयेच्या आधी कोणते रंग गेले, कोणत्या भागात परत आले, हे संगणक चाळून सांगतो. हे काम उपयोगी आहे, पण पहिली दोन नीट झाली तरच. जोत्याचे दगड हलत असतील तर वरच्या मजल्याची रंगरंगोटी व्यर्थ.

निर्णय कुठे बदलतो?

बदल पहिला: एका मोठ्या पैजेचे अनेक लहान प्रयोग होतात. पूर्वी नव्या डिझाइनवर मोठा माल काढून हंगामाची वाट पाहत बसावं लागे. आज साडी विकणारा आठ डिझाइन थोड्या थोड्या काढतो, फोटो व्हॉट्सॲपवर आणि ऑनलाइन बाजारांवर टाकतो, आणि दोन चालल्या तर त्याच पुढे विणून घेतो. स्पेनमधल्या गॅलिशियातून चालणाऱ्या झारा कंपनीने जगभर नाव केलं ते याच मार्गाने. तिची दुकानं काय खपलं आणि गिऱ्हाइकाने काय मागितलं हे सतत मुख्यालयाला कळवतात, माल लहान खेपांत निघतो आणि त्याचा मोठा भाग जवळपासच्या देशांतच शिवला जातो. दूरच्या देशात शिलाई स्वस्त असूनही जवळ शिवून घ्यायचं, हा धोरणात्मक निर्णय आहे. बातमी दोन दिवसांत येत असेल तरच तो परवडतो.

बदल दुसरा: काम आत करायचं की बाहेर द्यायचं. रोनाल्ड कोस या अर्थशास्त्रज्ञांनी १९३७ मध्ये साधा वाटणारा प्रश्न विचारला: बाजारात सगळं विकत मिळतं, मग कंपन्या हव्यातच कशाला? त्यांचं उत्तर असं की बाहेर माणूस शोधणं, भाव ठरवणं, करार करणं आणि तो पाळून घेणं यालाही खर्च येतो. तो खर्च जास्त असेल तिथे लोक एका छपराखाली येतात. मुंबईच्या गिरणगावात कापूस एका दारातून आत जाई आणि दुसऱ्या दारातून तयार कापड बाहेर येई. सुरतेत उलट: ग्रे (न रंगवलेलं) कापड एकाकडे विणलं जातं, रंगतं दुसऱ्याकडे, भरतकाम तिसऱ्याकडे, घडी चौथ्याकडे. हे सारं धरून ठेवतात दलाल, ओळख आणि शब्द. माहिती तंत्रज्ञानाने बाहेरच्या माणसाशी काम करण्याचा खर्च उतरतो, त्यामुळे विखुरलेली साखळीही एका गिरणीसारखी वागू शकते. पण त्याच तंत्रज्ञानाने मोठी कंपनी सांभाळणंही सोपं होतं. म्हणून एकच उत्तर सगळ्यांना लागू पडत नाही. प्रत्येकाने आपला खर्च कुठे जास्त आहे ते मोजायचं.

बदल तिसरा: निर्णय कोण घेतं. पूर्वी सगळी माहिती शेठच्या डोक्यात असे, म्हणून निर्णयही त्यांचाच. नोंद सगळ्यांना दिसू लागली की पाळीवरचा मुकादमही सांगू शकतो, "भाऊ, या तीन मागांवर धागा फार तुटतोय, नवा भीम इथे चढवू नका." बातमी जिथे जन्मते तिथेच लहान निर्णय होऊ लागले, तर मालकाला विहिरीच्या जागेचा विचार करायला वेळ मिळतो.

उकाईचा धडा

माहिती मिळाली म्हणजे निर्णय बरोबर येतो, असं मात्र नाही. हे सुरतेइतकं कुणाला ठाऊक असणार?

सुरतच्या वर सुमारे शंभर किलोमीटरवर, १९७२ मध्ये पूर्ण झालेलं उकाई धरण आहे. त्याच्या जलाशयात पाणी येतं ते मुख्यतः खानदेश आणि विदर्भातून. तापीच्या खोऱ्याचा जवळजवळ चार पंचमांश भाग महाराष्ट्रात आहे. धरण सांभाळणाऱ्यांपुढे दरवर्षी व्यापाऱ्यासारखाच पेच असतो. धरण भरून ठेवलं तर सिंचन आणि वीज निश्चित, पण मोठा पाऊस आला तर जागा नाही. रिकामं ठेवलं तर पुराला जागा, पण पाऊस रुसला तर शेती कोरडी. ऑगस्ट २००६ मध्ये धरणात पाणी भरपूर असताना वरच्या खोऱ्यात अतिवृष्टी झाली. विसर्ग वाढवत नऊ लाख क्युसेकच्या आसपास न्यावा लागला (एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी), आणि सुरत शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. महापालिकेने उभारलेल्या कोसाडच्या आवास वसाहतीत तापीकाठच्या वस्त्यांमधून आलेली कुटुंबं राहतात; नदीची पातळी हा त्यांच्यासाठी आकडा नसतो, आठवण असते.

त्यानंतर खोऱ्यातला पाऊस, धरणातली आवक आणि शहरातली पाणीपातळी यांना जोडणारी पूर्वसूचना यंत्रणा उभी करण्यात आली. तिच्यातून धंद्याने घ्यावा असा धडा हा: माहिती आपल्याला फक्त वेळ देते. त्या वेळात काय करायचं हे आधी ठरलेलं असेल, तरच तो वेळ उपयोगी पडतो. पातळी इतकी गेली की दरवाजे इतके उघडायचे, असा नियम पावसाळ्याआधी लिहिलेला हवा. तसंच, साठा इतका वाढला आणि विक्री इतकी घसरली की नवा भीम चढवायचा नाही, हे हंगामाआधी ठरलेलं हवं. डोळ्यांसमोर पाणी चढत असताना माणूस नियम बनवू शकत नाही.

ताजी, पण खोटी माहिती

संगणकही फसतो, आणि फसला की मोठ्या वेगाने फसतो. इंटरनेटची यंत्रं बनवणारी सिस्को कंपनी विक्रीच्या ताज्या आकड्यांसाठी नावाजलेली होती. २००० च्या तेजीत यंत्रांचा तुटवडा पडला. गिऱ्हाइकांनी आपल्याला माल मिळावा म्हणून एकाच गरजेसाठी दोन-तीन ठिकाणी मागण्या नोंदवल्या. आकडे ताजे होते, पण त्यांतली बरीचशी मागणी सावलीची होती. तेजी ओसरताच मागण्या विरल्या आणि २००१ मध्ये कंपनीला दोन अब्ज डॉलरहून अधिक किमतीचा साठा तोट्यात टाकावा लागला. मागणी आणि गरज यांत फरक असतो. संगणक मागणी मोजतो. ती का आली हे फोन उचलून माणसालाच विचारावं लागतं.

आपल्या कोल्हापूर-सांगलीकडचं वारणेचं उदाहरण वेगळी बाजू दाखवतं. १९९८ मध्ये वारणानगर परिसरातल्या सुमारे ७० गावांत सहकारी साखर कारखान्याच्या आधारे संगणक केंद्रं उभारली गेली. शेतीसल्ला, बाजारभाव, शिक्षण अशा अनेक गोष्टी त्यातून घडतील अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात शेतकरी तिथे प्रामुख्याने जाई तो उसाच्या हिशेबासाठी: तोड कधी, वजन किती भरलं, पैसे किती. पुढे काही गावांत हेच काम मोबाइलच्या एसएमएसवर करून पाहिलं गेलं आणि ते कमी खर्चात जमलं. यंत्र आधी आणलं आणि प्रश्न नंतर शोधला, तर यंत्र कोपऱ्यात बसतं. प्रश्न आधी कळला, तर साधा फोनही पुरतो.

थोडक्यात

• साखळीतल्या प्रत्येकाला फक्त शेजाऱ्याची मागणी दिसते, म्हणून दुकानातला लहान बदल कारखान्यात मोठा होऊन पोहोचतो.
• माहिती तंत्रज्ञान नोंद, जोडणी आणि अंदाज अशी तीन कामं करतं. जोडणीशिवाय अंदाज डळमळीत राहतो.
• त्याचा खरा परिणाम तीन मोठ्या निर्णयांवर होतो: एकदम किती पैसा लावायचा, कोणतं काम बाहेर द्यायचं, आणि निर्णय कुणी घ्यायचा.
• माहिती वेळ मिळवून देते. त्या वेळात काय करायचं याचा नियम आधी लिहून ठेवावा.
• मागवलेलं आणि खपलेलं यांच्या नोंदी वेगळ्या ठेवाव्यात.

सुरुवात एका प्रश्नाने

लहान कारखानदाराला वाटतं, हे सगळं मोठ्या कंपन्यांचं. खरं तर आसुडाचं टोक त्याच्याकडे आहे, म्हणून गरज त्यालाच अधिक. सुरुवातीला महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. मोबाइलवरच्या एका तक्त्यात रोज तीन आकडे लिहिले तरी पुष्कळ: किती ताके निघाले, किती गेले, किती पडून आहेत. दोन-तीन भरवशाच्या पेढ्यांशी बोलून एवढंच ठरवा की त्यांनी मागणीबरोबर आठवड्याची खरी विक्रीही कळवायची. भाव उघडा पडेल ही भीती असते. म्हणून भाव सांगू नका, फक्त नग सांगा. बदल्यात त्यांना तुमच्याकडचा शिल्लक माल दिसू द्या, म्हणजे देवाणघेवाण दोन्हीकडून होईल.

पुढच्या वेळी पेढीवरून फोन येईल आणि पलीकडून आवाज येईल, "इतके ताके पाठवा," तेव्हा भीम चढवण्याआधी एक प्रश्न नक्की विचारा: "शेठ, मागवलेत किती ते कळलं. गेल्या आठवड्यात विकले किती?"